ओशाची व्हीपीपी मान्यता : अर्जाला हात शेवटी लावा

अमेरिकेतल्या कारखान्यांत सेफ्टीचं काम पाहणारे लोक पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतात: "व्हीपीपीचा अर्ज कसा लिहायचा, एखादा नमुना आहे का?" पण घोडं अर्जात अडत नाही, अर्जाच्या आधीच्या वर्षभरात अडतं. बहुतेक ठिकाणी आधी अर्ज लिहून होतो. मग त्यात लिहिलेलं शॉप फ्लोअरवर उभं करायची धावपळ सुरू होते. शेवटी ओशाची, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या कामगार सुरक्षा-आरोग्य यंत्रणेची, टीम येते, आणि रात्रपाळीतला एखादा कामगार सहज सांगून टाकतो की अशी कुठली सेफ्टी कमिटी असल्याचं त्याला माहीतच नाही. म्हणून या लेखात अर्ज सहाव्या पायरीवर आहे, आणि तो तिथेच असायला हवा.

व्हीपीपी म्हणजे 'व्हॉलंटरी प्रोटेक्शन प्रोग्राम्स'. ज्या जागेची सुरक्षा-आरोग्य व्यवस्था कायद्याच्या किमान अटींच्या पुढे गेली आहे, तिला ओशा ही मान्यता देते. त्यासाठी फी नाही. मान्यता असेपर्यंत ओशाच्या नियोजित तपासण्यांच्या यादीतून ती जागा वगळली जाते. पण कामगाराने तक्रार केली, कुणाचा जीव गेला, मोठा अपघात किंवा मोठी रसायनगळती झाली, तर इन्स्पेक्टर येणारच. नियमांतूनही कसली सूट मिळत नाही. वरिष्ठांना हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. 'तपासणी टळेल' एवढ्याच आशेवर होकार दिलेलं व्यवस्थापन सहा महिन्यांत हात काढून घेतं, आणि सेफ्टी मॅनेजर एकटा पडतो.

पायरी १ : आपल्यासाठी कोणता कार्यक्रम, ते आधी ठरवा

पहिला प्रश्न राज्याचा. सगळ्या राज्यांत फेडरल ओशा थेट काम करत नाही. कॅलिफोर्निया, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या राज्यांची स्वतःची यंत्रणा आहे आणि तिथला अर्ज राज्याकडेच जातो. नॉर्थ कॅरोलायनात या कार्यक्रमाचं नावही वेगळं आहे: कॅरोलायना स्टार. राज्याच्या अटी फेडरल अटींपेक्षा थोड्या वेगळ्या असू शकतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राची फाइल मागवून तिची नक्कल करू नका.

दुसरा प्रश्न आकाराचा. एका जागी २५० पर्यंत आणि संपूर्ण कंपनीत ५०० पर्यंत कामगार असतील, तर 'शार्प' हा छोट्या उद्योगांसाठीचा मार्ग आधी पाहा. त्याची सुरुवात ऑन-साइट कन्सल्टेशनने होते. सल्लागार येऊन पूर्ण जागेची पाहणी करतात. ही सेवा मोफत आणि गोपनीय असते आणि ती दंड करणाऱ्या विभागापासून वेगळी ठेवलेली आहे. अट एकच, पण पक्की: सापडलेले गंभीर धोके ठरलेल्या मुदतीत दूर करायचे. ते केले नाहीत, तर प्रकरण दंड करणाऱ्या विभागाकडे जाऊ शकतं. माझं स्पष्ट मत असं की, साठ-सत्तर माणसांच्या वर्कशॉपने थेट व्हीपीपीच्या मागे लागू नये. शार्पमुळे घराची घडी बसते आणि मग पुढचं सोपं जातं.

तिसरा प्रश्न पात्रतेचा. ओशाची एखादी चौकशी उघडी असेल, एखाद्या नोटिशीविरुद्धचं अपील प्रलंबित असेल, किंवा गेल्या ३६ महिन्यांत जाणूनबुजून केलेलं उल्लंघन कायम झालं असेल, तर अर्ज पुढे सरकत नाही. हे कायदा विभागाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

व्हीपीपीत दोन मुख्य पातळ्या आहेत. 'स्टार' म्हणजे सगळे घटक किमान १२ महिने प्रत्यक्ष चालू आहेत आणि दुखापतींचे दर उद्योगाच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहेत. 'मेरिट' म्हणजे पाया चांगला आहे, पण काही उणिवा ठरलेल्या काळात भरून काढायच्या आहेत. मेरिट मिळालं म्हणून नाराज होणारे पुष्कळ दिसतात. खरं तर पुढे काय करायचं याची नेमकी यादी त्यातून हातात पडते.

पायरी २ : आकडे आधी खरे करा, मग कमी करा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

दोन दर लागतात. टीसीआयआर मध्ये नोंदवण्याजोग्या सगळ्या दुखापती आणि आजार येतात. डार्ट मध्ये त्यांपैकी फक्त त्या घटना येतात, ज्यांच्यामुळे कामगार कामावर येऊ शकला नाही, त्याला मर्यादित काम द्यावं लागलं किंवा दुसऱ्या कामावर हलवावं लागलं. सूत्र दोन्हींना एकच: घटनांची संख्या गुणिले २,००,००० भागिले प्रत्यक्ष कामाचे तास. २,००,००० हा आकडा म्हणजे १०० कामगार, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे.

तासांत ओव्हरटाइम धरायचा. सुट्ट्या आणि रजा वगळायच्या. ऑफिसमधले पगारी लोकही धरायचे. एजन्सीकडून आलेल्या आणि तुमच्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करणाऱ्या हंगामी कामगारांचे तास आणि दुखापती दोन्ही तुमच्याच खात्यात. तास धरायचे आणि दुखापती एजन्सीच्या म्हणून सोडायच्या, हे चालत नाही, आणि रजिस्टर पडताळताना ते लगेच लक्षात येतं.

तीन वर्षांचा दर काढताना तीन वार्षिक दरांची सरासरी काढू नका. तिन्ही वर्षांच्या घटना एकत्र, तिन्ही वर्षांचे तास एकत्र, मग सूत्र. समजा, पहिल्या वर्षी २,४०,००० तास आणि ३ घटना, दुसऱ्या वर्षी २,६०,००० तास आणि २ घटना, तिसऱ्या वर्षी काम मंदावून १,५०,००० तास आणि ४ घटना. एकूण ९ घटना, ६,५०,००० तास: दर २.८ येतो. वार्षिक दर २.५, १.५ आणि ५.३ यांची सरासरी काढली असती, तर ३.१ आला असता. या फरकावर कधी कधी पात्रता ठरते.

तुलना करायची ती ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने तुमच्या उद्योगासाठी छापलेल्या सरासरीशी. प्रकाशित झालेल्या सर्वांत अलीकडच्या तीन वर्षांपैकी कुठल्याही एका वर्षाच्या सरासरीपेक्षा तुमचा तीन वर्षांचा दर कमी असला, तर पुरतं. त्यासाठी नाइक्स कोड, म्हणजे तुमच्या उद्योगाचा वर्गीकरण क्रमांक, बरोबर हवा. जागेचं मुख्य काम बदललं आणि कोड जुनाच राहिला, असं बऱ्याचदा होतं. फार छोट्या जागांसाठी, जिथे दोन घटनांनीच दर सरासरीला पोहोचतो, शेवटच्या चार वर्षांतली चांगली तीन धरण्याची सोय आहे.

आता खरा प्रश्न: नोंद काय करायची आणि काय नाही. जखमेला टाके पडले, तर घटना नोंदवावीच लागते; फुलपाखरू पट्टीने (जखमेच्या कडा जोडून धरणाऱ्या चिकटपट्टीने) भागलं, तर तो प्रथमोपचार. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रथमोपचारात धरतात. इलॅस्टिक बँडेज प्रथमोपचार, पण बोट हलू नये म्हणून कडक पट्टी बसवली, तर नोंद. डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनचं औषध दिलं, तर नोंद. एरवी दुकानात सहज मिळणारी गोळी प्रिस्क्रिप्शनच्या ताकदीची दिली, तरी नोंद. फिजिओथेरपी लावली, तरी नोंद.

> इशारा : दर कमी दिसावा म्हणून दुखापत 'प्रथमोपचार' या खात्यात ढकलू नका. 'अपघातमुक्त महिना' झाला की बक्षीस, अशा योजनाही आधी तपासा. अशा योजनांत जखमी माणूस सहकाऱ्यांचं बक्षीस बुडू नये म्हणून बोट कापडात गुंडाळून कामावर परततो. दुखापत कळवली म्हणून कुणाचं नुकसान करणं नियमाविरुद्ध आहे, आणि मुलाखतींत अशा गोष्टी हमखास बाहेर येतात.

> तपासा : गेल्या तीन वर्षांचे ओशाचे ३०० (दुखापतींचं रजिस्टर), ३००ए (वर्षाचा गोषवारा) आणि ३०१ (एकेका घटनेचा अहवाल) हे तिन्ही फॉर्म दवाखान्याच्या नोंदी, विमा दावे आणि प्रथमोपचार रजिस्टर यांच्याशी ओळीने जुळवा. जे जुळत नाही ते आजच दुरुस्त करा, मग दर वाढला तरी चालेल. ही रजिस्टरं पाच वर्षं ठेवायचीच असतात, त्यामुळे चूक आज ना उद्या दिसणारच.

कंत्राटदारांचा हिशेब वेगळा ठेवा. ज्या कंत्राटदाराच्या माणसांनी कुठल्याही एका तिमाहीत तुमच्या जागी १,००० किंवा अधिक तास काम केलं, त्याचे दर स्वतंत्रपणे द्यावे लागतात. कंत्राटदाराकडून हे आकडे दर महिन्याला घ्या. वर्षाअखेरीस मागितले, तर मिळतात ते अंदाज.

पायरी ३ : युनियन आणि कामगार, अर्जाआधी

जागेवर मान्यताप्राप्त युनियन असेल, तर तिचं लेखी समर्थन लागतं, निदान विरोध नसल्याचं लेखी पत्र तरी. ते नसेल तर अर्ज विचारातच घेतला जात नाही. आणि सगळं ठरवून झाल्यावर फक्त सही मागायला गेलात, तर ती मिळणार नाही. मिळू नये, असंच मी म्हणेन. पहिल्या बैठकीपासून युनियनचा माणूस समोर असला पाहिजे.

युनियन नसली, तरी कामगारांचा सहभाग हवाच. धोका दिसला तर कळवण्याचा प्रत्येकाचा हक्क तर असतोच. त्याखेरीज सहभागाच्या किमान तीन ठोस वाटा दाखवाव्या लागतात. सेफ्टी कमिटी, जागेची नियमित पाहणी, अपघाताची चौकशी, कामातले धोके कागदावर उतरवणं, नव्या माणसाला प्रशिक्षण देणं, यांतून निवडा. यांपैकी काहीही फक्त सुपरवायझर करत असतील, तर ते धरलं जात नाही.

व्हीपीपी म्हणजे काय, तक्रार करण्याचा हक्क तसाच शाबूत आहे, आणि पाहणीचे किंवा अपघात चौकशीचे निष्कर्ष मागितल्यास मिळतील, हे प्रत्येक कामगाराला सांगा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी. कामगार स्पॅनिश किंवा दुसरी कुठली भाषा बोलत असतील, तर त्या भाषेत.

पायरी ४ : व्यवस्था १२ महिने चालवून दाखवा

मॅन्युअल लिहिलं म्हणजे व्यवस्था उभी राहिली असं होत नाही. वर्षभराचा पुरावा लागतो, म्हणून ही पायरी सर्वांत लांब. क्रम असा ठेवा.

आधी पायाभूत धोके-सर्वेक्षण. मशिनचे उघडे भाग, उंचीवरचं काम, बंद टाक्या यांच्याबरोबर आवाज, धूळ, वाफा, सॉल्व्हेंट यांचंही मोजमाप. सेफ्टीवर भर देता देता आरोग्याची बाजू कोरी राहणं, ही अर्जदारांची जुनी खोड. हे नमुने कधी, कुठे, कुणाच्या अंगावर यंत्र लावून घ्यायचे, याचं लेखी वेळापत्रक हवं. 'आवाज तसा फार नाही' हे वाक्य मोजमाप नव्हे.

मग एकेका कामाचं विश्लेषण. सुरुवात ज्या कामांत दुखापती झाल्या त्यांच्यापासून, आणि ज्यांत क्वचितच हात घातला जातो त्यांच्यापासून. अडकलेला माल काढणं, मशिनची साफसफाई, महिन्यातून एकदा होणारी देखभाल: माणसं बहुधा अशाच कामांत सापडतात, आणि विश्लेषणाच्या फाइलमध्ये नेमकी हीच कामं नसतात. नवं मशिन, नवं रसायन, नवी पद्धत आणण्याआधीही हे करायचं, आणल्यावर नव्हे.

पाहणी: कारखान्यात दर महिन्याला पाहणी, आणि दर तिमाहीत संपूर्ण जागा किमान एकदा पालथी घातलेली. बांधकामाच्या जागी संपूर्ण जागा दर आठवड्याला. सापडलेली प्रत्येक गोष्ट एका यादीत, समोर जबाबदार माणसाचं नाव, मुदत आणि पूर्ण झाल्याची तारीख. नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघातही, त्याच यादीत घ्या.

> तपासा : या यादीतली सर्वांत जुनी उघडी नोंद काढा. ती सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि का रखडली हे कुणालाच सांगता येत नसेल, तर अजून अर्ज करू नका.

धोका दूर करताना आधी तो मुळातूनच काढता येतो का ते पाहा, नाहीतर बदली वस्तू, मग यांत्रिक अडसर, मग कामाचे नियम, आणि सर्वांत शेवटी हातमोजे-गॉगल. बऱ्याच ठिकाणी उलटा प्रवास दिसतो: इअरप्लगचे डबे भिंतीवर लटकतात, पण आवाज करणाऱ्या पंख्याचं बेअरिंग बदललेलं नसतं. प्रतिबंधक देखभालीचं रजिस्टर सेफ्टीच्या फाइलशी जोडा, कारण गार्ड सैल होणं आणि व्हॉल्व्ह गळणं हे आधी तिथेच दिसतं.

आपत्कालीन बाहेर पडण्याचा सराव वर्षातून किमान एकदा, सगळ्या शिफ्टमध्ये. सराव झाला की काय चुकलं याची लेखी नोंद. दिवसपाळीत दोनदा आणि रात्रपाळीत एकदाही नाही, ही उणीव इतकी सर्रास आढळते की आत्ताच कॅलेंडर उघडून पाहा.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात: हजेरीपटावरच्या सह्यांनी काही सिद्ध होत नाही. लॉकआउट (दुरुस्तीआधी मशिनची ऊर्जा तोडून कुलूप लावणं) शिकवलं असेल, तर माणसाला मशिनपाशी न्या, कुलूप लावायला सांगा, आणि ऊर्जा शून्य झाली हे तो कसं तपासतो ते पाहा. सुपरवायझरसाठीही हेच.

शिस्तीचे नियम लेखी असू द्या आणि ते मॅनेजरलाही लागू पडू द्या. गॉगल न लावता फ्लोअरवरून फिरणारा प्लांट मॅनेजर अख्ख्या वर्षाच्या कामावर पाणी फिरवतो.

पायरी ५ : स्वतःचं वार्षिक मूल्यमापन, कडक डोळ्यांनी

वर्ष संपताना सगळ्या घटकांचं लेखी मूल्यमापन करा: व्यवस्थापनाचं नेतृत्व आणि कामगारांचा सहभाग, जागेचं विश्लेषण, धोक्यांचं नियंत्रण, प्रशिक्षण. 'होय/नाही'ची टिकमार्क यादी चालत नाही. काय चाललं, काय नाही, पुढच्या वर्षी कोण काय करणार, हे वाक्यांत हवं.

शक्य असेल, तर आधी मान्यता मिळालेल्या एखाद्या जागेचा मार्गदर्शक बोलवा. व्हीपीपी जागांच्या संघटनेतर्फे अशी जोडी जुळवता येते. फाइलऐवजी त्यांना थेट फ्लोअर दाखवा, आणि मॅनेजरला बाजूला ठेवून कामगारांशी बोलू द्या. हा तासभर सगळ्यांत जास्त शिकवून जातो.

पायरी ६ : आता अर्ज

एवढं झालं असेल, तर अर्ज म्हणजे आधीच घडलेल्याचं वर्णन. जागेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या सहीचं वचनपत्र, युनियनचं पत्र, दर, प्रत्येक घटकाचं वर्णन आणि सोबत खरी उदाहरणं. धोकादायक रसायनांच्या प्रक्रिया-सुरक्षेचं मानक तुमच्या जागेला लागू असेल, तर त्यासाठीची वेगळी पुरवणी जोडावी लागते. ती मोठी असते आणि प्रोसेस इंजिनिअरशिवाय भरता येत नाही.

'आमच्याकडे प्रभावी व्यवस्था आहे' असं कुठेही लिहू नका. त्याऐवजी: कुठला धोका, कुणी दाखवला, काय बदललं, कुठल्या महिन्यात. दुसऱ्या कंपनीच्या अर्जातले परिच्छेद उचलले, तर तुमच्याकडे नसलेल्या मशिनचं नाव त्यात राहून जातं, आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

> तपासा : अर्जातलं कुठलंही एक पान काढा आणि त्यात उल्लेखलेल्या विभागातल्या कामगाराला वाचून दाखवा. तो "हो, असंच आहे" म्हणाला नाही, तर ते पान पुन्हा लिहा.

पायरी ७ : प्रत्यक्ष मूल्यमापन

ओशाची टीम काही दिवस तुमच्याकडे राहते. तिच्यात सुरक्षा आणि औद्योगिक आरोग्य या दोन्हींचे जाणकार असतात. इतर व्हीपीपी जागांतून आलेले, ओशाने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवकही असू शकतात. सुरुवातीची बैठक, कागदपत्रं, फ्लोअरवरची फेरी, कामगारांच्या मुलाखती, आणि समारोपाची बैठक. काही मुलाखती ठरवून, बंद खोलीत. काही चालता चालता, मशिनजवळ. कंत्राटदारांच्या माणसांनाही विचारतात.

कामगारांना उत्तरं पाठ करून देऊ नका. एकसारखी वाक्यं तिसऱ्या मुलाखतीतच ओळखू येतात, आणि मग टीम बाकी सगळ्याकडेच संशयाने पाहते. एवढंच सांगा: जे आहे ते बोला, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यावरून कुणी काही करणार नाही. आणि ते खरोखर पाळा.

टीमने धोका दाखवला की वाद घालत बसू नका. तिथल्या तिथे दुरुस्त होण्यासारखा असेल, तर त्याच दिवशी करा आणि दाखवा. उरलेले '९० दिवसांचे मुद्दे' म्हणून लिहून मिळतात. ते पूर्ण झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय मान्यतेची शिफारस पुढे जात नाही. खरेदीला वेळ लागणारा भाग असेल, तर ऑर्डर पहिल्या आठवड्यातच द्या, आणि भाग येईपर्यंत तात्पुरतं संरक्षण काय आहे ते लेखी ठेवा.

पायरी ८ : मान्यतेनंतर

दर वर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत स्वतःचं मूल्यमापन आणि दर ओशाकडे पाठवायचे. ३००ए हा गोषवारा १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल भिंतीवर लावायचा असतोच, त्यामुळे जानेवारीत दोन्ही कामं एकत्र धरा. मूल्यमापनासाठी ऑक्टोबरपासून माहिती गोळा केली, तर फेब्रुवारीत गोंधळ होत नाही. स्टार जागेचं पहिलं पुनर्मूल्यांकन मान्यतेनंतर ३० ते ४२ महिन्यांत होतं. त्यानंतरची पाच वर्षांच्या आत.

मालकी, कंपनीची रचना किंवा युनियन बदलली, तर ६० दिवसांत नवं वचनपत्र द्यावं लागतं. प्लांट मॅनेजर बदलला, तर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात उघड्या मुद्द्यांची यादी हातात द्या. मान्यता असलेल्या जागा घसरतात त्या बहुधा अशाच बदलांच्या काळात: बजेट कापलं जातं, कमिटीची बैठक दोन महिने पुढे ढकलली जाते, आणि पाहणीच्या यादीत जुन्या तारखा साचू लागतात. त्या तारखा दर महिन्याच्या व्यवस्थापन बैठकीत पहिल्या क्रमांकावर ठेवा, उत्पादनाच्या आकड्यांच्याही आधी.